बालकांच्या भोवळीचे निदान आणि रक्तातील खूण : एक परीक्षण

दोन-तीन वर्षांचे निरोगी मूल खेळता खेळता एकाएकी थबकते, पांढरेफटक पडते, आईला घट्ट बिलगते. त्याचे डोळे थरथरतात, क्वचित वांतीही होते. शुद्ध मात्र हरपत नाही आणि काही मिनिटांत ते पुन्हा खेळू लागते. बालपणीच्या या सौम्य भोवळीचे वर्णन बॅसर यांनी १९६४ साली केले. तिचे निदान आजही मुख्यत्वे हकिकतीवरून होते. एखाद्या रक्तपरीक्षेने हा प्रश्न निकालात निघावा, अशी इच्छा होणे म्हणूनच स्वाभाविक आहे. रोडू व हेलबर्ग यांनी २००५ साली क्रिएटिन कायनेजचा ‘एमबी’ प्रकार अशी खूण म्हणून पुढे मांडला. या प्रतिपादनाचे मोल तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम मापनाचा विचार करू. एका प्रचलित पद्धतीत ‘एम’ या उपघटकाची क्रिया रोखून उरलेली ‘बी’ची क्रिया मोजतात व तिची दुप्पट करतात. साहजिकच ‘बीबी’ प्रकार अथवा प्रतिपिंडांशी जखडलेले कायनेज रक्तात असल्यास आकडा फुगतो. रडणाऱ्या मुलाच्या बारीक शिरेतून रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतील अडेनिलेट कायनेजही मापनात ढवळाढवळ करू शकते.

याहून मोठा आक्षेप तुलनेविषयी आहे. भोवळ येणारी मुले आणि निरोगी मुले यांत फरक दिसला, एवढ्याने परीक्षा निदानक्षम ठरत नाही. डॉक्टरांपुढचा प्रश्न निराळा असतो : ही भोवळ सौम्य आहे, अपस्माराची आहे, मध्यकर्णातील द्रवामुळे आहे, की लहान मेंदूजवळच्या गाठीमुळे? समजा, ‘चक्कर येते’ म्हणून आणलेल्या १००० मुलांपैकी १०० जणांना सौम्य भोवळ आहे आणि परीक्षा दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ९० रुग्ण बरोबर सापडतील. पण उरलेल्या ९०० पैकीही ९० जणांवर ‘सौम्य’ असा शिक्का बसेल. त्यांत गाठ असलेले एखादे मूल असले, तर त्या शिक्क्याची किंमत कोण मोजणार?

नव्या मुंबईत रक्तपरीक्षेच्या केंद्रांची वाण नाही; त्यामुळे येथे हा मोह अधिक. उरण-पनवेलच्या आसपासहून मूल नेरुळ वा वाशीस पोहोचेपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो. मग हाती उरते ती आईची हकिकत, आणि तिच्यातील ‘चक्कर’ या शब्दात गरगरणे, अंधारी येणे, तोल जाणे असे सारेच सामावते. ‘घर फिरतंय’ असे मूल म्हणाले होते काय, हे विचारल्यावाचून कळत नाही. झटक्याच्या वेळी आईने मोबाइलवर टिपलेले डोळ्यांचे चित्रण तर याहूनही बोलके ठरते. बारानी सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी २०२१ साली संमत केलेल्या निकषांतही रक्तपरीक्षेची अट नाही.

तेव्हा ही खूण संशोधनाचा विषय म्हणून जरूर स्वीकारावी. मात्र तिची कसोटी भोवळीच्या इतर कारणांनी आजारी असलेल्या मुलांशी तुलना करूनच लागली पाहिजे. तोवर हकिकत ऐकण्याचे काम सुईवर सोपविणे उचित नव्हे.