जखमेची साक्ष : ‘जय भीम कॉम्रेड’च्या निमित्ताने

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ साली पूर्ण झाला. त्याच्या चित्रणाला चौदा वर्षे लागली आणि तो तीन तासांहून मोठा आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. माहितीपट त्यांच्या गाण्याचा माग काढत पुढे जातो.

या कृतीवर जे लिहिले गेले ते बहुतेक शाहिरीविषयी आणि लाल-निळ्याच्या नात्याविषयी. ते लिहायलाच हवे होते. पण ज्या गोळीतून ही सारी कथा सुरू होते, त्या गोळीकडे आपल्या समीक्षेने पाहिले नाही. आपल्याकडे ‘वेदना’ हा शब्द फार वापरला जातो. ‘जखम’ हा शब्द आपण केवळ प्रतिमा म्हणून वापरतो. दोहोंत फरक आहे. वेदना सांगणाऱ्याला प्रस्थापित सहज म्हणतात, ‘तू भावनेच्या भरात बोलतोस.’ वस्तीतल्या साक्षीदाराला म्हणतात, ‘तू जमावातलाच.’ जखमेला असे म्हणता येत नाही. मात्र ती वाचता आली पाहिजे.

पोलिसांचा बचाव असा होता की, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळी झाडावी लागली. माहितीपट या टँकरच्या कहाणीची उलटतपासणी करतो आणि तेथे त्याची पकड घट्ट आहे. पण दुसरा पुरावा मृतांच्या अंगावरच होता. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. जमाव पांगवण्यासाठी गोळी झाडायचीच तर आधी इशारा द्यावा, नेम खाली धरावा, गरजेपेक्षा जास्त बळ वापरू नये, ही पोलिसांचीच शिकवण आहे. मग छातीवरची जखम काय सांगते?

मी पाचाडचा. आमच्याकडून रायगड चढणाऱ्या प्रत्येकाला महादरवाजापाशी तटातल्या जंग्या दाखवल्या जातात. ही उतरती भोके आहेत. त्यांचा उतारच ठरवतो की आतल्या बंदुकीचा मारा कोठे पडेल. न्यायवैद्यकात हाच हिशेब उलटा मांडतात. गोळी पत्रा भेदून मागच्या भिंतीत शिरली असेल, तर त्या दोन खुणांमधून ताणलेली दोरी बंदूक कोणत्या दिशेला होती ते सांगते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी बंदूक पाहिली ती शिकारीत हाकारा घालणाऱ्याच्या बाजूने. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे अंतर वाढेल तसे पांगतात, हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होते. रायफलची गोळी एकटी जाते, म्हणून तिची भाषा वेगळी शिकावी लागते.

गोळी आत शिरते तेथे जखम बहुधा लहान असते आणि तिच्याभोवती कातडी खरचटल्याचे कडे उमटते. बाहेर पडते तेथे जखम बहुधा मोठी व फाटलेली असते, आणि ते कडे सहसा नसते. शिरण्याची जखम पाठीवर असेल तर गोळी सुटली तेव्हा त्या माणसाची पाठ बंदुकीकडे होती. धुराची काजळी आणि न जळालेल्या दारूचे कण काही फुटांच्या आतच अंगावर बसतात; त्यापलीकडचे अंतर जखम सांगत नाही, ते जागेच्या मोजमापातूनच काढावे लागते. ‘गोळी जमिनीवर झाडली, ती उसळून लागली’ असे कोणी म्हणाले, तर उसळलेली गोळी बहुधा वाकडीतिकडी होते आणि तिची जखमही ओबडधोबड असते. नळीतल्या मळसूत्री खाचा गोळीवर आणि चापाच्या घोड्याची सुई काडतुसावर खूण सोडते. त्यावरून कोणत्या रायफलीतून बार निघाला ते जुळवता येते.

या शास्त्राला मर्यादाही आहेत. माणूस वाकतो, बसतो, धावता धावता वळतो. एकाच्या अंगातून पार गेलेली गोळी मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या दुसऱ्याला लागते. म्हणून जखम, अंगावरचे कपडे, जागा आणि साक्षीदार ही चारही एकत्र वाचावी लागतात. एकटी जखम सगळे सांगते असे मानणे ही नवी अंधश्रद्धा ठरेल.

न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम याला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. गोळी सुटली त्या सकाळपासून शिक्षेपर्यंत बारा वर्षे गेली. एवढ्या काळात माणसांची आठवण पुसट होते, साक्षीदार थकतात किंवा मरतात. टिकतो तो कागद. तोही पहिल्या दिवशी नीट लिहिला गेला असेल तरच.

‘जय भीम कॉम्रेड’ने गाणे जपले, हे त्याचे मोठेपण. शवविच्छेदनाचा अहवाल कसा वाचावा हे तो शिकवत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हते. ते काम आपले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. त्या मारावर नुसती कवने झाली नाहीत, खटला उभा राहिला आणि काही हल्लेखोरांना सश्रम कारावास झाला. त्या परंपरेचा हा धागा आपण सैल सोडला आहे.

आमच्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून पोटासाठी मुंबईच्या वस्त्यांत गेलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या शिकलेल्या पोराने पंच म्हणून सही करण्यापूर्वी मरणोत्तर पंचनामा शब्दन् शब्द वाचावा. जखम कोणत्या बाजूला, टाचेपासून किती उंचीवर, तिच्या कडा कशा, हे लिहिले आहे का ते पाहावे. कपडे धुतले जाऊ नयेत, ते वाळवून कागदात बांधावेत, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नयेत, असा आग्रह धरावा. रिकामी काडतुसे कोणी उचलू नयेत. आपल्या अभ्यासवर्गात कवितेच्या शेजारी हा धडाही ठेवा. विलास घोगऱ्यांचे गाणे आपण म्हणत राहूच. त्या दहा जणांच्या अंगावर जे लिहिले होते तेही आपल्याला वाचता आले पाहिजे.