सुगम्यतेचे निकष आणि मराठीचा ‘च’

संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली जे निकष (आवृत्ती २.०) प्रसिद्ध केले, त्यांत पृष्ठाची भाषा यंत्राला कळेल अशी नोंदवावी, हा निकष पहिल्या श्रेणीत आहे. मराठीच्या दृष्टीने तो मोलाचा होय. कारण देवनागरी ही एकट्या मराठीची लिपी नव्हे. ही नोंद नसल्यास अंध वाचकाचे वाचनयंत्र मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचण्याचा संभव असतो.

परंतु एवढ्याने भागत नाही. संख्यावाचक ‘चार’मधील ‘च’ तालव्य, तर ‘गुरे चार’ या आज्ञार्थातील दंततालव्य. डोळस वाचक हा भेद संदर्भाने जाणतो. ऐकणाऱ्याला मात्र यंत्राचा उच्चार स्वीकारावा लागतो. उच्चाराविषयीचा स्वतंत्र निकष तिसऱ्या श्रेणीत आहे. तोही संदर्भ असूनही अर्थ संदिग्ध राहणाऱ्या शब्दांपुरताच. आपला ‘चार’ त्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

ही उणीव केवळ निकषकारांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. यंत्राला अचूक उच्चार करता यावा, यासाठी शब्दनिहाय उच्चारनोंदी लागतात. आणि त्या सिद्ध करणे हे तंत्रज्ञांइतकेच मराठीच्या अभ्यासकांचेही कर्तव्य आहे.