चार चौकटींत न मावणारे इंजिन

चतुर्घात इंजिनाचा तक्ता आपल्या बहुतेक शाळांत असतो. चार चौकटी, प्रत्येकीत एक उभा सिलिंडर, त्यात वर-खाली होणारा दट्ट्या. शोषण, संपीडन, ज्वलन, निष्कासन हे चार शब्द मुले पाठ करतात, आकृतीला नावे देतात आणि गुण मिळवतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या वर्गात हे चालू असताना बाहेरून घरघर ऐकू येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बिरसीच्या धावपट्टीवर आता वैमानिक घडवले जातात. डायमंड कंपनीची डीए-४० ही चार आसनी विमाने तिथे शिकवण्यासाठी वापरली गेली आहेत. एखाद्या मुलीने विचारले, "सर, त्या विमानाच्या नाकात हेच इंजिन असते का?" तर तक्त्याच्या आधाराने काय सांगाल?

"होय" हे उत्तर चुकीचे नाही. डीए-४० च्या पेट्रोलवर चालणाऱ्या प्रकारात लायकमिंग कंपनीचे आयओ-३६० इंजिन असते आणि तेही याच चार घातांवर चालते. एवढे श्रेय तक्त्याला द्यायलाच हवे. पण तो इंजिनात काय घडते ते दाखवतो. इंजिन असे का बांधले, हे विचारायला जागाच ठेवत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

पहिली गोष्ट मांडणीची. तक्त्यातला सिलिंडर एकटा आणि उभा आहे. आयओ-३६० मध्ये चार सिलिंडर आडवे असतात, क्रँकशाफ्टच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. समोरासमोरचे दट्ट्ये एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे त्यांचे धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात. इंजिन बुटके राहते, वैमानिकाला समोरचे दिसते आणि चारही सिलिंडरांना वारा मिळतो. वारा हवाच, कारण येथे पाण्याचा रेडिएटर नाही. पोलादी सिलिंडरावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे डोके बसवलेले असते आणि दोन्हींवर पातळ पंख्या असतात. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पंख्या मुलांनी पाहिलेल्या असतातच. उरलेली बरीच उष्णता तेल वाहून नेते.

दुसरी गोष्ट वेगाची. नावातला ३६० हा आकडा घनइंचांचा आहे, म्हणजे सुमारे ५.९ लिटर. एवढ्या मोठ्या इंजिनाची शक्ती फक्त १८० अश्वशक्ती, तीही मिनिटाला २७०० फेऱ्यांवर. शंभर सीसीची मोटारसायकल ७-८ अश्वशक्ती देते. लिटरमागे हिशेब केला तर मोटारसायकल दुपटीहून पुढे निघते. मग विमानाचे इंजिन मागासलेले म्हणायचे का? मुलांना गणित करू द्या. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला आहे. त्याचा व्यास १.८ मीटर धरला, तर २७०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५४ मीटर येतो. मोटारसायकलीप्रमाणे ८००० फेऱ्या केल्या तर तो ७५० च्या वर जाईल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक. तेव्हा गोंगाट वाढेल आणि पंख्याची कार्यक्षमता कोसळेल. इंजिनाचा संथपणा पंख्याने ठरवलेला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तक्त्यात ठिणगी दिसते, पण ती कुठून आली हे दिसत नाही. मुले "बॅटरीतून" म्हणतील. त्यांना बॅटरी नसलेल्या लूनाची आठवण द्या. फिरत्या चुंबकाने वेटोळ्यात वीज निर्माण करणारा मॅग्नेटो तिथे होता, तसाच येथेही आहे, आणि एक नव्हे, दोन आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि प्रत्येक मॅग्नेटोचा एकेक. बॅटरी संपली तरी इंजिन चालते. एक मॅग्नेटो बिघडला तरीही चालते. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून फेऱ्या किती घटतात ते पाहतो. थोड्या घटल्या तर ठीक. मुळीच घटल्या नाहीत तर शंका घ्यायची, कारण तो मॅग्नेटो बंदच झाला नसेल. असे इंजिन थांबलेले दिसले तरी पंख्याला हात लावणे धोक्याचे असते.

डीए-४० चा डिझेल इंजिनाचा प्रकारही आहे. त्यात ठिणगी नाही, मॅग्नेटो नाही. इंधन किती सोडायचे हे संगणक ठरवतो. त्याच कंपनीच्या डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानात अशीच डिझेल इंजिने होती. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे एका डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरच्या विजेवर इंजिने सुरू केली. उड्डाणानंतर चाके आत घेताना विजेचा दाब पडला, नियंत्रक संगणक विस्कळीत झाले आणि दोन्ही इंजिने एकदमच गेली. इंजिने दोन होती, पण त्यांचा आधार एकच होता. पुढे अशा नियंत्रकांना राखीव बॅटरी देण्यात आली.

म्हणून तक्ता काढून टाकू नका. त्याच्याखाली तीन प्रश्न लिहा: उष्णता कुठे जाते? वेग कोण ठरवतो? एक भाग बिघडला तर काय? मग डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज तासात व्यत्यय ठरणार नाही, तोच तासाचा विषय होईल.