फाटकाआड राहिलेली माणसे

मराठीत 'झोंबी' हा शब्द जुना आहे. दोन माणसे एकमेकांना भिडली की ती झोंबी. आनंद यादव यांनी १९८७ सालच्या आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला हे नाव दिले आणि शिक्षणासाठी गरिबीशी घेतलेली झुंज त्या शब्दात कायमची बसली. परदेशी चित्रपटांतून आलेला झोंबी निराळा. तो मेलेला असतो, तरी चालतो. त्याला नाव नसते, गाव नसते, नातलग नसतात. त्याच्याशी करायचा व्यवहार एकच, डोक्यात गोळी घालणे.

परळ-लालबागच्या चाळींत आणि मदनपुरा-भायखळ्याच्या मोहल्ल्यांत वाढलेल्या मुलांना हा दुसरा झोंबीच अधिक ओळखीचा आहे. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून त्यांनी त्याला मारले. पुढे हिंदीत डब झालेल्या चित्रपटांत त्याला पाहिले. आमच्या समीक्षेने हा प्रकार 'पोरांचा' म्हणून बाजूला ठेवला. पण जे आपली मुले पुन्हा पुन्हा पाहतात त्यातून त्यांच्या मनात माणसाविषयी काय उतरते, हा प्रश्न वडीलधाऱ्यांचाही आहे. म्हणून 'रेसिडेंट ईव्हिल : अपोकॅलिप्स' या २००४ सालच्या चित्रपटाबद्दल आम्ही येथे लिहीत आहोत.

मूळ खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीचा. शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली तो १९९६ साली आला. जपानात त्याचे नाव 'बायोहॅझर्ड'. या खेळाची सारी गंमत टंचाईत होती. गोळ्या मोजक्या, औषध मोजके. समोर झोंबी आला की त्याला मारायचे, की गोळी वाचवून बाजूने निसटायचे, याचा हिशेब खेळणाऱ्याने करायचा. दार उघडताना पडदा काळा व्हायचा, फक्त दार हळूहळू उघडताना दिसायचे. त्या काही क्षणांत छातीत धडधड व्हायची. १९९९ साली आलेल्या तिसऱ्या भागात नेमेसिस नावाचा राक्षस खेळणाऱ्याच्या मागे लागतो. तो कोठेही उगवू शकतो, आणि पळणे हेच बऱ्याचदा शहाणपण ठरते. थोडक्यात, हा खेळ दुबळ्या माणसाच्या भीतीचा होता.

त्यावरचा पहिला चित्रपट २००२ साली पॉल अँडरसन यांनी दिग्दर्शित केला. दुसऱ्याची पटकथा त्यांचीच, पण दिग्दर्शन अलेक्झांडर विट यांचे. विट यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. पहिल्या भागात गोष्ट जमिनीखालच्या प्रयोगशाळेत कोंडलेली होती. दुसऱ्यात विषाणू रॅकून सिटी या शहरात शिरतो. अम्ब्रेला नावाच्या बलाढ्य कंपनीनेच तो बनवलेला आहे. कंपनी आधी आपल्या महत्त्वाच्या शास्त्रज्ञांना मोटारींतून बाहेर काढते आणि मग शहर बंद करते.

या चित्रपटातले सर्वांत मोलाचे दृश्य येथेच येते. शहराबाहेर जाणाऱ्या पुलावर भिंत आणि फाटक उभारले आहे. लेकराबाळांसह हजारो माणसे रांगेत उभी आहेत. तपासणी करून एकेकाला सोडले जाते आहे. तेवढ्यात गर्दीतला एक माणूस कोसळतो, आणि मदतीला वाकलेल्या पोलिसाला उठून चावतो. कंपनीचा अधिकारी मेजर केन क्षणात निर्णय घेतो. फाटक बंद. ध्वनिक्षेपकावरून लोकांना घरी परतायला सांगितले जाते आणि मग गोळ्या झाडल्या जातात. कोणते घर, हे कोणी सांगत नाही. या दृश्यात झोंबी एखाददुसराच आहे. भीती वाटते ती फाटकाची. काल ज्यांना कंपनी गिऱ्हाईक समजत होती ती माणसे एका हुकुमासरशी 'संसर्ग' होऊन जातात.

मुंबईच्या माणसाला हे दृश्य परके वाटू नये. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची खात्री झाली होती. १८९७ साली साथरोगांचा कायदा आला. घरांच्या झडत्या, प्रवाशांची तपासणी, रोग्याला जबरीने उचलून नेणे, सारे रीतसर सुरू झाले. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडच्या परिसरात एका जुलाहा कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासून नेण्यासाठी पथक आले, तेव्हा विणकरांनी त्याला अडवले आणि दंगल पेटली. हे विणकर मुसलमान होते, मध्य मुंबईचे होते. सरकारदरबारी ते अडाणी, दंगेखोर ठरले. त्यांच्या बाजूने पाहिले तर दारात आलेल्या परक्या माणसांच्या हाती ते आपल्या घरची मुलगी द्यायला तयार नव्हते, इतकेच.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. साथ खरी होती आणि विज्ञानही खरे होते. वाल्डेमार हाफकिन यांनी याच मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच आजची हाफकिन संस्था. तेव्हा फाटक लावणारा प्रत्येक जण मेजर केन असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण फाटक लावताना आतल्या माणसाला माणूस समजले होते की नाही, हा प्रश्न उरतोच. 'अपोकॅलिप्स'ने तो प्रश्न निदान एका दृश्यापुरता नेमका पकडला आहे.

दुसरी जमेची बाजू डॉ. ॲशफोर्ड या व्यक्तिरेखेची. हा कंपनीचा शास्त्रज्ञ चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे आणि त्याची मुलगी शहरात अडकली आहे. मुलीच्या आनुवंशिक आजारावर उपाय म्हणून त्याने जे शोधले, त्याचेच कंपनीने हत्यार केले. बाहेर सुरक्षित बसून तो शहरातल्या कॅमेऱ्यांतून आत अडकलेल्यांना पाहतो, त्यांना फोन करतो आणि सौदा करतो: माझी मुलगी आणा, मी तुम्हाला सुटकेची वाट सांगतो. बाप म्हणून तो बरोबर आहे, आणि तरीही त्याने उरलेल्या शहराची काळजी केलेली नाही. जॅरेड हॅरिस या नटाने हा पेच थोडक्या वेळात चांगला उभा केला आहे.

तिसरी बाजू शेवटाची. शहर अण्वस्त्राने नष्ट केले जाते आणि अणुभट्टीत अपघात झाला असे जगाला सांगितले जाते. खरे चित्रीकरण बाहेर येते, तर तेच बनावट ठरवले जाते आणि वाचलेल्या साक्षीदारांवरच गुन्हेगार म्हणून शोध सुरू होतो. ज्याने सोसले तोच आरोपी, हा अनुभव आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. २०२० साली साथीच्या काळात एका जमातीवर सगळा दोष आला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. निकाल आला तोवर बदनामी घरोघर पोचून गेली होती.

इतके हाती असताना चित्रपट कोठे घसरतो? तो आपल्याच फाटकाकडे पाठ फिरवतो. पुलावरची ती हजारो माणसे पुढे कोठे गेली? त्यांच्यातली एकही मुलगी, एकही म्हातारी पुन्हा माणूस म्हणून भेटत नाही. ती भेटतात ती झोंबी होऊनच, आणि मग त्यांच्यावर गोळ्या चालवायला नायिका मोकळी होते. एल. जे. नावाचे एक विनोदी पात्र मोटारीखाली झोंबी आला की व्हिडिओ गेमसारखे गुण मोजते. प्रेक्षागृहात हशा येतो. पण अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस रांगेत मूल कडेवर घेऊन उभा असेल, हे दिग्दर्शकाच्या ध्यानातही येत नाही.

खेळाशी इमान राखण्याचा दावाही वरवरचा आहे. सिएना गिलरीची जिल व्हॅलेंटाइन तिसऱ्या खेळातल्या जिलसारखाच पोशाख करते, तशीच चालते. कपडा उतरला, भीती उतरली नाही. मिला योवोविचच्या ॲलिसला विषाणूमुळे अचाट ताकद आलेली आहे; ती चर्चच्या रंगीत काचा फोडून मोटारसायकलवरून आत येते आणि गोळ्या कधी संपत नाहीत. जिला काही होणारच नाही तिच्यासाठी जीव कशाला मुठीत धरायचा? नेमेसिसचीही तीच गत. ज्याच्यापासून पळायचे तो राक्षस येथे हुकमाचा ताबेदार होतो आणि शेवटी ॲलिसशी कुस्ती खेळायला उभा राहतो. हा नेमेसिस म्हणजे पहिल्या भागातला तिचा साथीदार मॅट. त्याची ओळख पटण्याचा क्षण खरे तर काळजाला भिडायला हवा होता. पण मारामारीचे तुकडे इतक्या घाईने जोडले आहेत की कोण कोणाला मारतो हेच कळेनासे होते, मग ओळख पटणे दूरच.

आणि एक दृश्य आम्हाला फार खटकले. ॲलिस आणि तिचे सोबती कब्रस्तानातून जात असताना थडग्यांतून मुडदे वर येतात. विषाणूच्या तर्कात हे बसत नाही, हा भाग सोडून देऊ. आपल्याकडे मय्यतीचाही हक्क मानला आहे. गुस्ल, कफन, नमाज-ए-जनाजा, दफन. मेलेला माणूस निमूट झाला म्हणून त्याची अदब संपत नाही. येथे कब्र म्हणजे लक्ष्य पुरवणारे कोठार. चित्रपटवाल्यांनी आमचे रिवाज पाळावेत असे आमचे म्हणणे नाही. पण मृतदेह म्हणजे केवळ धोका, ही समजूत पडद्यापुरती राहत नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच व्हावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलावे लागले. वांद्र्याच्या कब्रस्तानांत असे दफन होऊ नये म्हणून याचिका झाल्या. २२ मे २०२० रोजी उच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. त्याच दिवसांत या शहरात मुसलमान स्वयंसेवकांनी आपल्या मय्यती दफन केल्या आणि ज्यांचे नातलग येऊ शकले नाहीत अशा हिंदू मृतांचे दहनही केले. झोंबीच्या चित्रपटाला हे लोक कधी दिसत नाहीत.

मराठीत या वाटेने जाण्याचा एक प्रयत्न २०२२ साली आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने केला. गोष्ट डोंबिवलीतली. एका बाजूला उंच इमारतींची सोसायटी, दुसऱ्या बाजूला बस्ती, आणि मध्ये पाणी. विनोदाची भर जरा जास्त झाली आहे आणि शेवटाकडे तोही हाणामारीच्या वळणाला लागतो. पैसा आणि तंत्र यांत 'अपोकॅलिप्स'शी त्याची बरोबरी नाही. तरीही फाटकाच्या आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न तो शेवटपर्यंत सोडत नाही, आणि झोंबी होणारा माणूस कोणाचा तरी शेजारी असतो हे त्याला ठाऊक आहे. मराठी शब्दातली 'झोंबी' आणि परदेशी झोंबी यांची गाठ तेथे थोडी तरी पडते.

'अपोकॅलिप्स' टाकाऊ नाही. त्याचा पहिला अर्धा तास, ॲशफोर्ड आणि शेवटची खोटी बातमी एवढ्यासाठी तो पाहावा. बाकीचा भाग मुलांबरोबर बसून पाहावा आणि चित्रपट संपल्यावर त्यांना एकच विचारावे: पुलावर उभ्या असलेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले? उत्तर चित्रपटात नाही. ते शोधताना रिपन रोडच्या त्या विणकराच्या घराविषयीही मुलांशी बोलता येईल.