अपेक्षित उत्तरांचा कारखाना

आपल्या समीक्षेने कविता तपासली, कथा तपासली, आत्मकथनांवर तर परिसंवादांमागून परिसंवाद घेतले. परंतु आपल्या वस्त्यांमध्ये जे पुस्तक सर्वाधिक वाचले जाते, त्याची समीक्षा कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत काम करणाऱ्या माणसाच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते; पण दहावीतल्या मुलाच्या दप्तरात गाईड असतेच. दोन वेळच्या खर्चातून पैसे काढून घेतलेले ते पहिले आणि पुष्कळदा शेवटचे पुस्तक. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा नाही. म्हणून ते कोण छापतो, का छापतो आणि त्यातून कोणते मन घडते, हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत.

महाराष्ट्रात गाईड म्हटले की पहिले नाव येते ते नवनीतचे. गाला कुटुंबाने 1959 साली हा व्यवसाय सुरू केला. 1984 मध्ये त्याची ‘नवनीत पब्लिकेशन्स (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी झाली, आणि पुढे नावातले ‘पब्लिकेशन्स’ जाऊन ‘एज्युकेशन’ आले. हा बदल केवळ पाटीचा नाही. पुस्तके छापणारी संस्था स्वतःला शिक्षण म्हणवू लागली. कार्यालय दादरला, एक कारखाना वसई तालुक्यात खानिवड्याला, म्हणजे आमच्या खाडीपलीकडे. महाराष्ट्र आणि गुजरात ही मुख्य बाजारपेठ. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी माध्यमे. शेअर बाजारात नोंदलेल्या या कंपनीची अलीकडच्या वर्षांतली निम्म्याहून अधिक उलाढाल वह्या आणि स्टेशनरीची असून त्यातला मोठा भाग अमेरिकेला निर्यात होतो. 2016 मध्ये ब्रिटानिकाचा भारतातील शालेय पुस्तकांचा व्यवसायही तिने घेतला. त्यामुळे राज्य मंडळाबरोबर केंद्रीय मंडळांच्या शाळांतही तिचा प्रवेश झाला. उत्तरेही तिचीच आणि ती उतरवून काढायच्या वह्याही तिच्याच, अशी ही रचना आहे.

मात्र ही रचना एकटी उभी नाही. तिच्या समोर शासनाची पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, इमारत आहे. कोठारी आयोगानंतर 27 जानेवारी 1967 रोजी बालभारती स्थापन झाली. एकच पाठ्यपुस्तक राज्यभर, तेही गरिबाला परवडेल अशा किमतीत, ही कल्पना निःसंशय लोकशाहीवादी होती. आज शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ते मोफत मिळते. पण पाठ्यपुस्तकात धडा असतो आणि धड्याखाली प्रश्न असतात, उत्तर नसते. ते वर्गात आणि घरात घडावे अशी अपेक्षा असते. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत तिथे ते बापाकडून, काकाकडून, मोठ्या बहिणीकडून मिळते. ज्या घरात बापाची सही अंगठ्याची, तिथे कुणाला विचारायचे? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मास्तर कुणाकुणाला पुरा पडणार? ही रिकामी जागा कंपनीने निर्माण केली नाही. ती जातिव्यवस्थेने निर्माण केली, शासनाने तशीच ठेवली आणि कंपनीने तिची किंमत लावली.

या व्यवसायाचे वर्ष अभ्यासक्रमाभोवती फिरते. अभ्यासक्रम स्थिर असला की जुनी गाईडे हातोहात फिरतात आणि नव्यांचा खप मंदावतो. तो बदलला की जुनी रद्दीत जातात आणि नव्यांना मागणी येते. 2018 मध्ये दहावीची आणि 2020 मध्ये बारावीची पुस्तके बदलली. शिक्षणतज्ज्ञ त्यावर ज्ञानरचनावादाची चर्चा करीत होते. गुंतवणूकदाराच्या लेखी तो हंगाम होता, आणि आमच्या घरांच्या लेखी नवा खर्च. मी स्वतः दहावीला अर्ध्या किमतीत घेतलेल्या, आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केलेल्या गाईडवर उत्तीर्ण झालो. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. म्हणून गाईडला शिव्या देणाऱ्या पांढरपेशा विद्वानांत मी सामील होणार नाही. ज्यांच्या घरातच गाईड बसलेले होते, त्यांना गाईडची लाज वाटणे सोपे आहे.

तरीही समीक्षा टाळता येत नाही. आता मी मराठी शिकवतो. बारावीच्या वर्गात एका दलित आत्मकथनातला उतारा शिकवला आणि चाचणीत त्यावर प्रश्न घातला. तीसेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य होते, की लेखकाने दलितांच्या व्यथा-वेदना प्रभावीपणे मांडल्या आहेत. कुठल्या गाईडातले, याला महत्त्व नाही. बाजारात तशी पुष्कळ आहेत. ज्या लेखनाने मराठी साहित्याला हादरा दिला, त्याचे चार गुणांचे निरुपद्रवी उत्तर झाले होते. ज्या मुलीची आजी गावकुसाबाहेर राबली, तिनेही तेच लिहिले होते. मी विचारले, “आजीबद्दल का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “सर, ते अपेक्षितमध्ये नाही.”

या एका शब्दात सगळे आले. नवनीतच्या सर्वांत खपणाऱ्या प्रश्नसंचांच्या नावातच ‘अपेक्षित’ हा शब्द आहे आणि मुलांच्या तोंडी तो सामान्यनाम होऊन बसला आहे. प्रश्न विचारणे हा आपल्या चळवळीचा पाया. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगासमोर विचारले होते, की रयतेच्या पैशावर वरच्यांचीच मुले का शिकावीत? तो प्रश्न कुणालाही अपेक्षित नव्हता. त्यांच्या वारसांनी अपेक्षित प्रश्नांपुरतेच शिकावे, ही शोकांतिका आहे. आणि तिचा दोष छापणाऱ्याइतकाच परीक्षा घेणाऱ्यांचा, म्हणजे आम्हा शिक्षकांचाही आहे. ठरावीक उत्तराला पूर्ण गुण आणि आजीच्या उत्तराला काट, हे पेन आमच्याच हातात असते.

तेव्हा गाईडवर बंदीची मागणी करू नका. तिने आपलीच मुले नापास होतील. मिरा-भाईंदरसारख्या, 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या शहरात, प्रत्येक वस्तीत संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी अभ्यासिका मागा. तिथे शिकलेल्या मुलांनी मागच्या मुलांना बसवावे. आपल्यातल्या शिक्षकांनी उत्तरे नव्हे, उत्तराकडे जाण्याची वाट दाखवणारी टिपणे लिहून फुकट वाटावीत. आणि पेपर तपासताना एखादे अनपेक्षित उत्तर आले, तर थांबून ते दोनदा वाचावे. ती मुलगी पुढच्या चाचणीत आजीबद्दल लिहील की नाही, हे आमच्या लाल पेनावर ठरणार आहे.