दगड दिसतो, पकड दिसत नाही

अश्दोद, लोद, रामले येथील आमच्या जुन्या शिकून वसाहतींना आता नवे रूप येऊ लागले आहे. गिलावा सुटलेल्या इमारतींच्या जागी उंच इमारती उभ्या राहतात आणि त्यांच्यावर पांढरट दगड चढतो. आराखडा दाखवणारे कौतुकाने सांगतात, "अगदी येरुशलायीमसारखे दिसेल!" या कौतुकाबद्दलच आम्हांला दोन शब्द लिहायचे आहेत.

येरुशलायीममध्ये दगड वापरण्याची सक्ती १९१८ साली ब्रिटिश गव्हर्नर रोनाल्ड स्टोर्स यांनी केली. तेव्हा भिंतच दगडाची असे. पुढे काँक्रीट आले, भिंत त्याची झाली आणि दगड वरच्या पातळ फरशीपुरता उरला. संध्याकाळच्या उन्हात तो आजही सोन्यासारखा दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुण्याचे लाल देऊळ आठवा. १८६७ साली पुऱ्या झालेल्या त्या ओहेल दाविद सिनेगॉगची तांबडी वीट वरून चिकटवलेली नाही, तीच भिंत आहे. कोकणातल्या जांभ्याच्या घरांचेही तसेच.

चिकटवलेल्या दगडाची गोष्ट निराळी. तीन सेंटिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन सत्तर किलोंच्या आसपास भरते. तो भार मसाला, जाळी किंवा स्टीलच्या पकडी यांवर असतो. अश्दोदच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते, फुगते आणि दगड सैल होतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. गिलावा निदान पोपडे धरून आपले दुखणे सांगतो.

म्हणून आमचे मत असे की, तळमजल्याला, जिथे सायकली आणि सामान घासते, तिथे दगड लावावा. वर चांगला गिलावा पुरे. त्याला काही वर्षांनी रंग द्यावा लागेल, हे खरे. पण तो खर्च आधी ठाऊक असतो. वरपर्यंत दगडच हवा असेल, तर सही करण्यापूर्वी मुलाला किंवा नातीला सोबत घेऊन तीन गोष्टी विचारा. पकडी स्टेनलेस स्टीलच्या आहेत का? दर काही वर्षांनी तपासणी कोण करणार? आणि तिचा खर्च वाद-बायितच्या वर्गणीत किती वाढणार?

पेन्शनवर राहणाऱ्याला हे विचारायला संकोच वाटतो. तो वाटू देऊ नये. त्या भिंतीखालच्या बाकावर रोज संध्याकाळी आपणच बसणार आहोत.