निर्जन कोणी केले?

आम्ही शाळेत उत्तर ध्रुवप्रदेश शिकलो तो 'निर्जन' म्हणून. ही नजर कशी घडली, हे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आरमारी मोहिमांच्या छापील चित्रांत दिसते.

१८५४ साली 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरचे लेफ्टनंट क्रेसवेल यांची आठ रंगीत शिळाछाप चित्रे लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. एका चित्रात बर्फाच्या राशींवरून खलाशी स्लेज गाडी ओढत आहेत. चित्र देखणे आहे, हे मान्यच. पण पाहणाऱ्याला वाटते, या मुलखात बर्फ आणि ब्रिटिश खलाशी यांच्याखेरीज कोणीच नाही. वास्तविक १८५० सालीच या जहाजाची इन्युइट लोकांशी गाठ पडली होती. इथे भव्यता उभी राहते ती रहिवाशांना वगळून. असे सौंदर्य निरागस मानता येत नाही.

याच्या शेजारी जॉन रॉस यांच्या १८१९ च्या प्रवासग्रंथातले एक चित्र ठेवून पाहावे. ते काढणारा जॉन साकहाउस हा ग्रीनलंडचा इन्युइट, मोहिमेचा दुभाषी. प्रसंग १० ऑगस्ट १८१८ च्या भेटीचा. हिमनग मागे आहे. पुढे माणसे आहेत. कुत्र्यांच्या गाड्या, आरसे पाहून चकित झालेले लोक, भेटवस्तू देणारे अधिकारी, आणि साकहाउस स्वतःही. पाहुण्यांचे औदार्य हे चित्रही मिरवते, कारण ते रॉस यांच्याच ग्रंथासाठी छापले गेले. तरीही इथली भूमी ओसाड नाही. हा तरुण चित्रकार १८१९ च्या फेब्रुवारीत एडिंबरोत वारला.

चित्रातून वगळलेल्या माणसाची साक्षही मग हलकी ठरते. १८४५ साली निघालेल्या फ्रँकलिन मोहिमेतले १२९ जण परतले नाहीत. उपासमारीत त्यांच्यापैकी काहींनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, ही इन्युइटांनी सांगितलेली हकीकत जॉन रे यांनी १८५४ मध्येच इंग्लंडला कळवली. डिकन्ससारख्या थोर लेखकाने ती 'रानटी' लोकांची म्हणून अविश्वसनीय ठरवली. पुढे हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी तीच खरी ठरवली. २०१४ व २०१६ मध्ये मोहिमेची दोन्ही जहाजे सापडली, त्यातही इन्युइटांची माहिती उपयोगी पडली.

म्हणून साहसाची चित्रे वर्गात दाखवताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे: या भूमीवर तेव्हा कोण राहत होते, आणि चित्रात ते कुठे आहेत?